वजनकाट्याची भीती घालवताना : आमची वाटचाल

आम्ही वर्ग सुरू केले ते बाळंतपणाच्या तयारीसाठी. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत श्वसन, कळा सोसण्याच्या पद्धती आणि स्तनपान शिकवायचं, एवढाच बेत होता. पण प्रश्न विचारा म्हटलं की गाडी हटकून वजनावर यायची. "माझं फार वाढलंय का हो?" "माझं वाढतच नाहीये, बाळाला काही होणार नाही ना?" आठव्या महिन्यात याचं उत्तर देऊन फारसं साधत नाही. म्हणून आम्ही नोंदणी तिसऱ्या महिन्यापासून घ्यायला लागलो. मळमळ आणि थकव्याच्या दिवसांत कोण येणार, ही धाकधूक होती. पण बायका आल्या आणि टिकल्याही.

पहिल्या तासाला टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडलेल्या असतात. बाळाची सव्वातीन किलोची, वारेची पाऊण किलोची, गर्भजल आणि गर्भाशय यांची साधारण एकेक किलोची. वाढलेल्या रक्ताची दीड किलो, अंगातल्या जादा पाण्याची तेवढीच, स्तनांच्या वाढीची अर्धा किलो आणि पुढे दूध पाजण्यासाठी शरीर साठवतं त्या चरबीची तीन किलो. प्रत्येकीने एकेक पिशवी उचलून मोठ्या झोळीत टाकायची आणि शेवटी झोळी काट्यावर ठेवायची. काटा साडेबारा दाखवतो. बाळापलीकडचं सगळं वजन म्हणजे आपला लठ्ठपणा, असं मनात धरून आलेल्या बाईचा चेहरा त्या क्षणी सैलावतो. आमच्या अख्ख्या अभ्यासक्रमात मला हा तास सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग आकडे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेला तक्ता आम्ही वापरतो. गरोदरपणाआधीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १८.५ ते २४.९ असेल तर एकूण वाढ ११.५ ते १६ किलो. त्याहून कमी असेल तर १२.५ ते १८, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ आणि ३० किंवा त्यापुढे ५ ते ९. जुळ्यांचं गणित वेगळं. शेजारणीशी तुलना का करायची नाही, हे या तक्त्यामुळे आपोआप कळतं.

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हा सल्ला प्रेमाने दिला जातो, म्हणून तो मोडून काढणं अवघड. त्यासाठी घरच्यांचं वेगळं सत्र ठेवलं. पहिल्या तिमाहीत सहसा जादा उष्मांक लागत नाहीत, दुसरीत रोज साधारण ३४०, तिसरीत ४५० कॅलरी जास्त. म्हणजे एखादं जादा बेताचं खाणं, दुसरं ताट नव्हे. डॉक्टरांची हरकत नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम.

वजन आम्ही पडद्याआड घेतो, आकडा मोठ्याने वाचत नाही. स्थूल बायकांना आजवर इतकं ऐकून घ्यावं लागलेलं असतं की काट्यासमोर त्या आधीच खाली मान घालतात. त्यांनाही आम्ही वजन घटवायला सांगत नाही. वाढ सावकाश ठेवायची, एवढंच. प्रत्येकीचा आलेख तिच्याच वहीत असतो. एका आठवड्याचा चढउतार सोडून द्यायचा, कल पाहायचा. पण वजनाने अचानक उडी घेतली आणि सोबत चेहऱ्या-हातांवर सूज, डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं असेल, तर आहाराची चर्चा बंद. त्याच दिवशी डॉक्टर. रक्तदाबाच्या गुंतागुंतीची ती खूण असू शकते, आणि शिकवणाऱ्या प्रत्येकीला हा नियम तोंडपाठ आहे.

पोषण पावडरी वर्गात विकायचे प्रस्ताव बरेच आले. चांगली मिळकत झाली असती. आम्ही नाही म्हणालो, कारण जिथे डबा विकायचा असतो तिथे "तुझं वजन ठीक आहे" हे वाक्य कोणी मोकळेपणाने म्हणत नाही. उत्पन्न फीवरच राहिलं, वाढ हळू झाली. आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मात्र याच कारणाने आमच्याकडे टिकून आहेत.

आता बाळंतपणानंतरचा वर्ग आखतोय. आलेखाची वही तिथेही चालू राहील, फक्त पहिले काही आठवडे पाने कोरी ठेवायची, असं आम्ही ठरवलं आहे. त्या दिवसांत आईला झोप हवी असते, काटा नको.