हिमोग्लोबिन ६.८

आज नाशिकच्या पेठ रोडच्या पुढे एका द्राक्षबागेवर तपासणीला गेले होते. सुरगाण्याकडून कामाला आलेली कुटुंबं, ताडपत्रीच्या झोपड्या. एक पोरगी, जेमतेम विशीची, पाचवा महिना. बोटाला सुई टोचली, मशीनवर आकडा आला ६.८. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं तरी रक्त कमी धरतात, ७ च्या खाली तर थेट दवाखान्यातच न्यावं लागतं. आणि ही सकाळपासून उभ्यानं काम करत होती!

"गोळ्या घेतेस ना गं?"

तिनं पिशवीतून पाकीट काढलं. चारच गोळ्या कमी झालेल्या. "मळमळतं ताई, म्हणून चहासोबत घ्यायची." चहानं लोह अंगी लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तपासणीचं कार्ड गावी राहिलेलं, नाव तिथल्या उपकेंद्रात. इथल्या यादीत ती नाहीच. माणूस पोटामागे फिरतो, नोंद मात्र गावातच बसून राहते, याचा फार राग येतो मला.

मुकादमाशी बोलून तिची रजा मिळवली (मजुरी कापणार नाही म्हणाला, बघू). उद्या सकाळी आठला तिला घेऊन सिव्हिलला जातेय. तिच्या सासूबाईपण येणार आहेत.