तुम्ही विचारलंत म्हणून: थंड पाण्यातली बुडी, कुठली बरी?

"पाणी किती थंड असतं हो?" स्कॉटलंडच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करते असं सांगितलं की पहिला प्रश्न हाच. त्याच्या मागोमाग दुसरा: आइसलंड काय, कॅलिफोर्निया काय, केप टाउन काय, गारठा तो गारठाच, मग जायचंच झालं तर कुठे जावं? अंशांत उत्तर देऊन मोकळं होता येतं, पण त्यातून काही कळत नाही. पाणी कशामुळे थंड आहे ते विचारा. कधी जायचं, काय दिसणार, किती लांबवर दिसणार, हे सगळं त्यावर ठरतं.

आइसलंडच घ्या. थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानातल्या सिल्फ्रा या भेगेत वर्षभर 2 ते 4 अंशांचं पाणी. हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकातून कित्येक वर्षं झिरपत तिथे पोचतं, म्हणून 100 मीटरपर्यंत आरपार दिसतं. फोटो तुम्ही पाहिले असतीलच. पण पाणी गोडं, लाटा नाहीत, आणि मासा शोधूनही क्वचितच सापडतो. शेवाळाच्या हिरव्या झिपऱ्या तेवढ्या. ड्रायसूटची, म्हणजे आत पाणी येऊ न देणाऱ्या पोशाखाची, सवय असेल तर सगळ्यात थंड आणि तरी सगळ्यात सोपी बुडी ती हीच. एकदा जाऊन यावं, बस.

आमच्याकडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट ॲब्जचा समुद्र थंड आहे तो अक्षांशामुळे. तो ऋतूंच्या मागून रेंगाळत चालतो. हवेत वसंत आला तरी मार्चमध्ये पाणी 5-6 अंशांवर, आणि सगळ्यात ऊबदार, म्हणजे 13-14, ऑगस्ट-सप्टेंबरात. इथे ड्रायसूटशिवाय भागत नाही. त्याच्या गळ्याला लॅटेक्सची पट्टी असते. टाल्कम पावडर लावून डोकं त्यातून काढायचं. पट्टीखाली एवढीशी बट अडकली तरी पाणी छातीपर्यंत ओघळतं. आत लोकरी कपड्यांचे थर. त्यांत हवा राहते, म्हणून बुडायला जास्तीचं शिसं. एवढं करून उडी मारली की उघडे राहतात फक्त ओठ आणि गाल. पहिल्या मिनिटाला कपाळातून कळ जाते, मग ओठ बधिर होतात आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाला देणारं यंत्र, तोंडात आहे की नाही हे दातांनाच कळतं. रेग्युलेटरही थंड पाण्याचाच लागतो. दाबाखालची हवा प्रसरण पावताना आणखी गार होते. साध्या रेग्युलेटरमध्ये त्याने बर्फ धरला की झडप उघडीच राहते आणि सिलिंडर भसाभसा रिकामा होतो.

स्कॉटलंडला दुसरा मालक म्हणजे चंद्र. उधाणाच्या दिवसांत प्रवाह असा ओढतो की खडकाला धरून राहणंही मुश्किल, म्हणून आम्ही भांगाच्या भरतीचे, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असलेले, दिवस बघून बेत ठरवतो. कॅनडात व्हँकुव्हर बेटाच्या सामुद्रधुन्यांत तर भरती-ओहोटीच्या मधल्या थोड्याशा शांत वेळातच उतरायचं आणि वेळेत वर यायचं.

उत्तरेला ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लोला लोक माशांसाठी जात नाहीत. 21 जून 1919 रोजी ॲडमिरल फॉन रॉयटरने पहिल्या महायुद्धानंतर इथे नजरकैदेत असलेलं आपलं जर्मन आरमार शत्रूच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच बुडवलं, 52 जहाजं. बहुतेक पुढे भंगारवाल्यांनी वर काढली. उरलेल्यांपैकी तीन युद्धनौका आणि चार क्रूझर आजही डायव्हरांना खेचतात. युद्धनौका उलट्या पडल्यात, त्यामुळे आधी दिसते ती नुसती पोलादी टेकडी. तोफा बघायच्या तर कडेने खाली, चाळीस मीटरच्या आसपास उतरावं लागतं. नवख्याने मनातही आणू नये.

आता कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे आणि केप टाउन. ही दोन्ही ठिकाणं अक्षांशाने एवढी थंड असायलाच नकोत. इथे गारवा आणतो वारा. वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी आडवं सरकून खोल समुद्राकडे जातं आणि तळाचं थंड पाणी त्याची जागा घेतं. (पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालाही हेच होतं, फक्त सौम्य.) ते पोषक द्रव्यांचं खत घेऊनच वर येतं, म्हणून तर केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या सागरी शेवाळाची, जंगलं. मॉन्टेरेचा जायंट केल्प तळाच्या खडकाला घट्ट धरून 30 मीटरपर्यंत सरळ उभा वाढतो, चांगल्या दिवसांत रोज अर्धा मीटर. त्यात उन्हाचे तिरपे पट्टे उतरतात तेव्हा हात गोठल्याचं ध्यानात राहत नाही. पण वसंतात तेच खत प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, मिळतं आणि समोरचा हातही हिरवा दिसतो. जायचं ते सप्टेंबरनंतर. आणि हे जंगल थंडीच्या जिवावर उभं आहे. 2014 ते 2016 मध्ये पाणी तापलं, त्याआधीच सूर्यफुली तारामासे रोगाने मेले होते, त्यांचं खाद्य असलेले, केल्प खाणारे काटेरी अर्चिन बेसुमार माजले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा बुल केल्प जवळजवळ साफ झाला.

केप टाउनचा हिशेब आणखी उरफाटा. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की अटलांटिकच्या बाजूचं पाणी 10 अंशांवर येतं. किनाऱ्यावर माणसं उन्हाने भाजतायत आणि पाण्यात पाय टाकवत नाही. पण तेच पाणी नितळ! वारा पडला, ऊन लागलं की चार दिवसांत कोमट आणि गढूळ. द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूला फॉल्स बे. तिथे हिवाळ्यात वारा जमिनीवरून येतो, समुद्र बसतो, आणि 13-15 अंशांत केल्पमधून निवांत फिरता येतं. इथले छोटे शार्क भ्यायले की अंगाचं वेटोळं करून शेपटीने डोळे झाकून घेतात. शार्कची भीती असलेल्या मंडळींनी हे एकदा बघावंच.

म्हणून पहिलं थंड पाणी विचाराल तर माझं मत फॉल्स बेला, जून ते ऑगस्ट, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. पावसाळ्यामुळे मालवणचं डायव्हिंग तेव्हा बंदच असतं. ड्रायसूटही लागत नाही, 7 मिलिमीटरचा वेटसूट आणि टोपी पुरते. हातमोजे मात्र आपल्या मापाचे न्या. भाड्याचे नेहमी मोठे निघतात आणि बोटं आधी गारठतात.