शीड फाटलं तर शिवतं कोण?

११ सप्टेंबर २०२५ ला गेटवे ऑफ इंडियाहून 'त्रिवेणी' जगप्रदक्षिणेला निघाली. भूदल, नौदल आणि हवाई दल मिळून दहा महिला अधिकारी, पन्नास फुटी शिडाची बोट, नऊ महिन्यांचा बेत आणि सुमारे २६,००० सागरी मैल. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांचं. तेव्हापासून जो तो त्यांच्या धाडसाबद्दल बोलतो. भीती वाटत नाही का, घरची आठवण येत नाही का, हेच प्रश्न. मला मात्र त्यांच्या कामाबद्दल ऐकायचं असतं.

ही ओढ बाबांमुळे. ते हर्णै बंदरातले जुने तांडेल, म्हणजे बोट हाकणारे म्होरके. मी त्यांना मोबाइलवर नकाशा दाखवला: मुंबई, ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडचं लिटलटन, मग केप हॉर्नला वळसा घालून पोर्ट स्टॅन्ली, केप टाऊन आणि परत मुंबई. बाबांनी आधी विचारलं, "निघाल्या कधी पोरी?" सप्टेंबर म्हटल्यावर लगेच म्हणाले, "म्हणजे पावसाच्या आत घरी. बरोबर आहे."

त्यांना बरोबर कळलं होतं. केप हॉर्न गाठायचं तर तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत. खाली अंटार्क्टिका, वर दक्षिण अमेरिका, मधून पृथ्वीभर फिरून आलेली लाट. तिला अडवायला वाटेत जमीनच नाही. त्यात इंजिनावर बोट हाकायची नाही, कालव्याची जवळची वाट धरायची नाही, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं.

बाबांचा पुढचा प्रश्न, "शीड फाटलं तर शिवतं कोण?"

त्याच शिवतात. वारा वाढला की शीड आखूड करायचं, पडला की पुन्हा सोडायचं, रात्रीसुद्धा पाळ्या लावून सुकाणू धरायचं. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा जणी गोव्यात बांधलेली 'तारिणी' घेऊन जगाला वळसा घालून आल्या. हॉर्न त्यांनी १८ जानेवारीला पार केलं. पुढे हिंदी महासागरात, घर जवळ आलेलं असताना सुकाणूत बिघाड झाला. तशी बोट सांभाळत त्यांनी मॉरिशसचं पोर्ट लुईस गाठलं, दुरुस्ती केली आणि २१ मे २०१८ ला गोव्याला पोचल्या. हॉर्नइतकंच मला या पोर्ट लुईसपर्यंतच्या टप्प्याचं मोल वाटतं. त्याबद्दल त्यांना कुणीतरी तासभर विचारायला हवं होतं.

आमच्या बंदरात बायकांना कामाचं नवल नाही. संध्याकाळी लिलावात बोली लावतात त्या बायका, पाट्या उचलतात त्या बायका. जाळं मी स्वतः सांधते. सुईत दोरा भरून जाळ्याच्या फाटलेल्या घराच्या, म्हणजे भोकाच्या, कडेपासून धरायचं, प्रत्येक घर मापात यायला हवं, गाठ सरकली तर सगळं उसवून पुन्हा. पण जाळं सांधून झालं की ते बोटीवर चढतं आणि मी धक्क्यावर राहते. आमच्या घरात बाईने मासेमारीला गेलेलं कुणी पाहिलेलं नाही, आणि का नाही हे कुणी मला पटेल असं सांगितलेलं नाही.

भाची अकरावीत आहे. २०२२ पासून एनडीएत, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली जाऊ लागल्या, तिचा अभ्यास त्याचाच चालू आहे. येत्या रविवारी बाबा तिला सुवर्णदुर्गाच्या पलीकडे नेणार आहेत, सुकाणू धरायला. आईला पसंत नाही. मी बाबांना सांगितलंय, मलाही न्या.