चाचणीच्या एका फाइलीची जन्मकथा

बर्लिनला आल्यापासून मी फावल्या वेळी ज्या मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रकल्पात काम करतो, ती नकाशांच्या फाइली वाचणारी सी प्लस प्लसमधील एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, आहे, आणि तिच्या नियमावलीतील एका कलमाने सध्या माझा पिच्छा पुरवला आहे. चाचण्यांसाठी बाहेरून काहीही आणायचे असेल, मग ती दुसरी लायब्ररी असो, डॉकर इमेज (प्रोग्रॅम चालवायला लागणारे सगळे एकत्र बांधलेला संच) असो किंवा नमुन्याची फाइल, तर ती कशासाठी हवी, तिचा परवाना कोणता, आवृत्ती आणि हॅश (फाइलीतील मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) काय आणि उद्या ती मोडली तर कोण निस्तरणार, हे सारे लेखी द्यावे लागते. शिवाय इंटरनेट तोडूनही मूळ चाचण्या शेवटपर्यंत चालल्या पाहिजेत.

मी पाठवलेली फाइल अगदी लहान होती. मथळा (फाइलीच्या सुरुवातीचा, तिची रचना सांगणारा भाग) बिघडलेली फाइल समोर आली तर लायब्ररी कोसळू नये, नीट त्रुटी सांगून थांबावी, एवढेच मला तपासायचे होते. पॅच, म्हणजे मी सुचवलेला बदल, तपासणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ही फाइल तयार कशी केली? हेक्स एडिटरने, म्हणजे फाइलीतील कच्चे बाइट हाताने बदलण्याच्या साधनाने, काही बाइट बदलले, असे मी कळवले, तर ते बाइट बदलणारी स्क्रिप्ट द्या, असे उत्तर आले. स्क्रिप्ट दिल्यावर मूळ फाइल कुठून आली, तिच्यातील नकाशा कोणाच्या मालकीचा, आणि एवढ्याशा चाचणीला संपूर्ण नकाशा हवाच कशाला, अशी विचारणा झाली. भाषा अत्यंत सभ्य होती, त्यामुळे चिडण्याचीही सोय नव्हती. पुण्यात असे प्रश्न कोणी विचारले असते तर चहाच्या टपरीवर त्याचा यथेच्छ समाचार घेता आला असता.

मात्र या चौकशीला कारण आहे, आणि ते मला मान्य करावे लागते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, तेव्हा तिचा घातक भाग चाचणीच्या फाइलींतच दडवलेला होता. त्यांपैकी एक तर मुद्दाम बिघडवलेला नमुना म्हणूनच ठेवलेली होती, आणि बिल्ड होताना, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होताना, एक स्क्रिप्ट त्यातून तो भाग गुपचूप बाहेर काढत असे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, म्हणून ते उघडकीस आले. बिघडलेल्या नमुन्यात काय असावे, हे वाचून कोणालाच पडताळता येत नाही. म्हणून तो कसा बनला हे सांगणारी स्क्रिप्ट हाच त्याचा दाखला. माझी फाइल नेमकी त्याच जातीची होती. तरीही रोख माझ्यावर नाही, हे पटायला मला थोडा वेळ लागला.

इंटरनेटविना चाचण्या चालवण्याचा आग्रह त्या मानाने लवकर पटला. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर इमेज पुरवणाऱ्या डॉकर हबने खाते नसलेल्यांना सहा तासांत १०० इमेजची मर्यादा घातली, तेव्हा सामायिक आयपीवरून (अनेकांच्या एकाच इंटरनेट पत्त्यावरून) चालणाऱ्या कितीतरी चाचण्या कोडमध्ये काहीही न बदलता फुटू लागल्या. जानेवारी २०२३ मध्ये प्रकल्पांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने स्रोत-कोडच्या आपोआप तयार होणाऱ्या संक्षेपित फाइली बनवण्याची पद्धत बदलली. आतला मजकूर तोच होता, पण हॅश बदलले, आणि ज्यांनी काळजीपूर्वक हॅश नोंदवून ठेवले होते त्यांचेच बिल्ड अडले. गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या धोरणात तर मुख्य भांडारातील पॅकेज बांधताना बाहेरच्या नेटवर्ककडे जायला मुळातच मनाई आहे.

हे सारे इथे थोर शिस्त म्हणून सांगितले जाते, तेव्हा मात्र माझ्यातला पुणेकर जागा होतो. हिंजवडीत एका बँकेच्या कामावर असताना आमच्या यंत्रांवर बाहेरचे इंटरनेट नव्हतेच. प्रत्येक जार फाइल (जावाची तयार लायब्ररी) मंजूर होऊन अंतर्गत भांडारात आली की मगच वापरता येई. गुरुवारी पाणी बंद असते म्हणून बुधवारी रात्री पिंपे भरून ठेवणाऱ्या शहराला साठवणुकीचे महत्त्व बर्लिनने शिकवायला नको. त्या भांडारातील आवृत्त्या वर्षानुवर्षे बदलत नसत, ही गोष्ट वेगळी. मॉडेल कॉलनीत भरणाऱ्या ग्नुनिफाय या मुक्तस्रोत संमेलनाला विद्यार्थिदशेत जाणारा मी, नोकरी लागल्यावर मात्र मुक्तस्रोतापासून दूर राहिलो, कारण बाहेर लिहिलेल्या प्रत्येक ओळीसाठी कंपनीची परवानगी लागे आणि उरलेली संध्याकाळ वाकडच्या पुलाखालच्या कोंडीत जाई. हे कारण मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. ते खोटेही नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. चाचण्या इंटरनेटविना चालायच्या तर सगळे नमुने रिपॉझिटरीतच, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या भांडारातच, हवेत, आणि मग ती फुगत जाते, कारण बदलांची नोंद ठेवणारे गिट जुन्या फाइलीही इतिहासात जपून ठेवते. कर्वेनगरला राहून अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाचीला मी या प्रकल्पात ओढले, तर तिचा पहिलाच संदेश आला, “मामा, एवढं हॉटस्पॉटवर उतरणार नाही, अर्ध्यातच तुटतंय.” वरवरचा क्लोन (जुना इतिहास वगळून उतरवलेली प्रत) घेऊन तिचे तात्पुरते भागले, पण जोडणी सतत सुरू असणाऱ्यांनी केलेला इंटरनेटविनाचा नियम जोडणी तुटणाऱ्यांनाच जड जातो, हे मी पुढच्या बैठकीत जरा चढ्या आवाजात मांडले.

त्यावर वाद झाला आणि मार्ग निघाला. यापुढे येणारे मोठे नमुने वेगळ्या रिपॉझिटरीत जातील आणि मागितले तरच उतरतील. ते नसतील तर संबंधित चाचण्या ‘वगळल्या’ असे दिसेल, ‘उत्तीर्ण’ असे नव्हे, आणि रोज रात्री एक फेरी सर्व नमुन्यांसह चालेल, म्हणजे वगळलेले कायमचे विसरले जाणार नाही. केवळ लायब्ररी वापरणाऱ्याला चाचण्या बंद ठेवता येतील आणि त्याच्याकडे गूगलटेस्ट हे चाचण्या चालवण्याचे साधन मागितले जाणार नाही. चाचण्या हव्या असतील तर आधी यंत्रावरचे गूगलटेस्ट शोधले जाईल आणि ते नसेल तरच प्रकल्पातली प्रत वापरली जाईल. नमुन्यांची रिपॉझिटरी हीसुद्धा बाहेरचीच वस्तू ठरते, म्हणून तिच्या नेमक्या कमिटचा (नोंदवलेल्या स्थितीचा) क्रमांक मुख्य रिपॉझिटरीत नोंदवायचा आणि तिची दुसरी प्रत अन्य ठिकाणी ठेवायची, असेही ठरले. माझी बिघडलेली फाइल लहान असल्याने मुख्य रिपॉझिटरीतच राहिली, स्क्रिप्टसह.