जागा

परवा दुपारी बायकोनं कुरडयांसाठी माळ्यावरची जुनी चटई काढायला लावली. गच्चीवर नेऊन झटकली, तर कडेला काळ्या रंगात ठसठशीत अक्षरं निघाली : जागेकर.

"हे कोण?" बायकोनं विचारलं. माणूस तिच्या चांगला ओळखीचा, आमच्याकडे महिन्यातून एकदा जेवायला असतो. फक्त कॉलेजातलं हे नाव तिच्या कानावर कधी आलं नव्हतं.

सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला आमच्या कंपूची जागा धरायचं काम त्याच्याकडे असे, म्हणून जागेकर. साधारण १९९५ च्या आसपासची गोष्ट. महोत्सव तेव्हा रमणबागेच्या मैदानावर भरायचा आणि शेवटचं सत्र रात्रभर चालायचं. आमची ऐपत भारतीय बैठकीची. म्हणजे आधी पोचेल त्याची जमीन. आम्ही पाचजण हॉस्टेलवरून सायकली हाणत, नवा पूल ओलांडून पोचेपर्यंत हा पठ्ठ्या दोन-अडीच तास आधीच चटई अंथरून, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवून मध्ये मांडी घालून बसलेला. चार चपला कुठून आणायचा हे आम्ही कधी विचारलं नाही.

एका डिसेंबरात माझं सबमिशन राहिलं होतं, म्हणून मी येत नाही म्हणालो. जागेकर भडकला. "तो माणूस अकराव्या वर्षी गाण्यासाठी गदगहून घर सोडून पळाला, आणि तुला जर्नलची पडलीय?" यावर काय बोलणार? गेलो. जर्नलचं काय झालं ते सोडा.

भीमसेन जोशी मला त्याआधी ठाऊक होते ते आजीच्या रेडिओमुळे. आषाढीच्या सुमारास सकाळी त्यांचे अभंग लागायचे. आजी चुलीपुढून उठायची नाही, पण फुंकणी मात्र खाली ठेवायची. तिची समजूत अशी की हे बुवा दरवर्षी पायी वारीला जाणारे माळकरीच असणार. "एवढा आवाज चालल्याशिवाय सुटतो होय?" पुढे पुण्यात आल्यावर मी त्यांना ख्याल गाताना प्रत्यक्ष पाहिलं आणि आजीला ते सांगायचं राहून गेलं. पाहिलं असंच म्हणायला हवं. नुसतं ऐकून त्यांचं गाणं निम्मंच कळायचं. हात कुठूनतरी खालून काहीतरी उपसून आणायचे, खांदा पुढे जायचा, मान अशी वळायची की वाटावं, हा माणूस आता इथं नाही. आणि मग नेमका समेवर हजर.

गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा उत्सव उभा केला त्यांनीच, आणि गायचे सगळ्यांत शेवटी. घरच्या कार्यात यजमान शेवटच्या पंगतीला बसतो, तसे. त्यामुळे त्यांना ऐकायचं तर रात्र काढावी लागे. स्वेटर, कानटोपी, थर्मास, मध्येच उठून मागच्या स्टॉलवर वडा. आमच्यातला एकजण गवय्यानं 'सा' लावला की लगेच कानात रागाचं नाव सांगायचा. या जमातीचा मला आजही राग आहे. चुकीचं सांगतात म्हणून नव्हे. बरोबर सांगतात तेव्हा जास्त. अरे, आम्हाला जरा चाचपडू दे की अंधारात!

तर त्या पहाटे. मांडवाच्या कडेनं उजेड फुटत होता. तानपुरे जुळले, बुवा येऊन बसले, पाच-सहा हजार चहा एकदम थांबले. आणि जागेकर झोपला. दुपारपासून जागा राखून दमलेला जीव, हळूच कलला आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर आलं. उठवावं? मी दोनदा हलवलं. तो "हो हो, ऐकतोय" म्हणाला आणि आणखी नीट झोपला. बुवांनी तोडी सुरू केली.

पुढचा तासभर मी तोडी ऐकली ती एका पायावर. दुसऱ्याला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला, मग आहे की नाही याचीच शंका यायला लागली. विलंबितात ती कोमल गंधारावरची रेंगाळ चालू, आणि माझं निम्मं लक्ष गुडघ्याखाली. द्रुतात एक तान अशी चढली की आमचा राग-सांग्यासुद्धा गप्प झाला. ती फिरून समेवर आली तेव्हा अख्ख्या मांडवाच्या माना एकदम हलल्या. माझ्या मांडीवरचीही.

गवय्यांच्या भाषेत सुंदर वळणाला जागा म्हणतात. त्या दिवशी बुवांनी कितीतरी जागा घेतल्या असतील. माझ्याकडे त्यातली धड एक नाही. आजही कुठं तोडी लागली की आधी डाव्या पायाला मुंग्या येतात.

पुढे ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची वेळ लागली आणि रात्रीचं जागरण संपलं. २०११ च्या जानेवारीत बुवा गेले. महोत्सवाच्या नावात आता गुरूशेजारी त्यांचंही नाव आहे, मांडव मुकुंदनगरला गेला, आणि आम्ही गुडघ्यांची सबब सांगून खुर्च्यांवर गेलो. खुर्चीला चटई लागत नाही. जागेकराचं खातं बंद झालं ते असं.

पण त्या तोडीचं वर्णन तो अजून करतो. आमच्याकडे जेवायला आला, पाहुणे असले, की हटकून. बोटांना आमटी तशीच, डावा हात हवेत. ती तान कुठून उठली, कुठे अडली, वरच्या षड्जाला शिवून कशी खाली आली, सगळं. पाहुणे घास थांबवून ऐकतात. पहिल्या वेळी मी तोंड उघडलं होतं. त्यानं माझ्याकडे इतक्या निरागसपणे पाहिलं की मी लोणचं मागितलं.

"मग, कोण हा जागेकर?" बायकोनं पुन्हा विचारलं. एव्हाना कुरडयांची एक ओळ घालून झाली होती.

"होता एक," मी म्हटलं. "गाणं फार चांगलं ऐकायचा."