चोंगचिंगची मेट्रो: नकाशात न दिसणारी उंची

चीनमधल्या चोंगचिंग शहरात मेट्रोचा नकाशा पाहून वेळेचा हिशेब केला, तर तो हमखास चुकतो. यांगत्से आणि जियालिंग या दोन नद्यांच्या संगमावर, डोंगराच्या उतारांवर वसलेल्या या शहरात दोन ठिकाणांमधले आडवे अंतर थोडे आणि उभे अंतर फार असते. आणि उभे अंतर नकाशात दिसत नाही. मार्च महिन्यात मी आईला घेऊन सहा दिवस तिथे राहिलो. आईचे वय ७१ आणि गुडघे दुखरे, त्यामुळे कोणत्या स्थानकात किती चढउतार आहे हे मी रोज रात्री वहीत टिपून ठेवत असे. मागाहून जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असे त्या वहीतले काही इथे देत आहे.

बहुतेक प्रवासी ज्या मार्गासाठी इथे येतात, तो दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग आम्हीही पहिल्याच दिवशी धरला. ही मेट्रो म्हणजे खरे तर मोनोरेल आहे. काँक्रीटच्या एकाच तुळईवर गाडी घोड्यावरच्या खोगिरासारखी बसते आणि रबरी चाकांवर धावते. लोखंडी चाकांना जड जातील असे चढ आणि वळणे रबरी चाकांना पेलतात, म्हणून या डोंगरी शहराने जपानी तंत्रज्ञान घेऊन २००४ साली हा मार्ग सुरू केला. चीनमधली शहरी वाहतुकीची ही पहिली मोनोरेल. आपल्याकडे मुंबईत २०१४ साली चेंबूर ते वडाळा मोनोरेल धावू लागली तेव्हा हे वाहन म्हणजे एक खेळणे आहे असा अनेकांचा समज झाला होता आणि माझाही तोच होता. चोंगचिंगच्या तिसऱ्या मार्गावरची आठ डब्यांची मोनोरेल सकाळी खच्चून भरलेली पाहिली आणि तो समज गेला. शाखेसह सुमारे ६७ किलोमीटर लांबीचा हा मार्ग एका मोनोरेल मार्गाच्या लांबीत जगात पहिला मानला जातो.

दुसऱ्या मार्गावर जिआओछांगखौ या टोकाच्या स्थानकातून बसावे. पहिली दोन स्थानके भुयारात आहेत. त्यानंतर गाडी उजेडात येते आणि जियालिंग नदीच्या काठाने, टेकडीच्या कडेला लागून पश्चिमेकडे जाते. नदी उजव्या हाताला राहते. मात्र डब्यातले बाक खिडक्यांना पाठ लावून असतात, तेव्हा नदी पाहायची असेल तर डाव्या बाजूच्या बाकावर बसावे. म्हणजे ती समोरच्या खिडकीत दिसते. आम्ही पहिल्या फेरीला उत्साहाने उजवी बाजू पकडली आणि नदी पाठीशी ठेवून माना वळवत बसलो. दुसऱ्या फेरीला शहाणे झालो.

याच मार्गावर लीझबा हे स्थानक १९ मजली इमारतीच्या सहाव्या ते आठव्या मजल्यांत आहे. गाडी इमारतीच्या पोटात शिरते, थांबते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. वरच्या मजल्यांवर माणसे राहतात. उभी इमारत फोडून रूळ आत घातले, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. दोन्ही कामे एकत्र आखली गेली होती आणि गाडीचा भार पेलणारे खांब इमारतीच्या खांबांपासून वेगळे ठेवले आहेत, म्हणून वरच्या घरांना हादरे बसत नाहीत. हे दृश्य गाडीत बसून दिसत नाही, त्यासाठी स्थानकातून खाली रस्त्यावर उतरून समोरच्या प्रेक्षक-कट्ट्यावर जावे लागते. तिथे शेकडो माणसे तोंड उघडून, मान वर करून उभी असतात, कारण गाडी आपल्याच तोंडात शिरते आहे असे छायाचित्र प्रत्येकाला हवे असते. आईनेही तोंड उघडले. पहिल्या गाडीला माझे बटण उशिरा दाबले गेले, पण पुढची गाडी थोड्याच वेळात येते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. पुढचे फोथूग्वान स्थानक वसंतात मार्गाच्या दोन्ही अंगांना फुलणाऱ्या झाडांसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही गेलो तेव्हा बहर ओसरत आला होता; फुलांसाठीच जायचे असेल तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात गाठावी.

आता उंचीविषयी. पाचव्या आणि नवव्या मार्गांवरचे होंगयानछुन हे स्थानक जमिनीखाली ११६ मीटर खोल गेलेले आहे. नवव्या मार्गाच्या फलाटावरून निघालो. एक सरकता जिना संपला, वळलो, दुसरा लागला, मग तिसरा. चौथ्यानंतर आईने मोजणे सोडले आणि म्हणाली, "अरे, आपण नक्की वरच चाललोय ना?" वरच्या हवेत पोहोचेपर्यंत तिने पिशवीतली द्राक्षे संपवली होती. सहाव्या आणि दहाव्या मार्गांवरचे होंगतूदी हे ९४ मीटर खोलीचे स्थानक याच जातीचे. अशा ठिकाणी गाडी बदलायची असेल तर नकाशावर एका ठिपक्याएवढी दिसणारी ही बदली दहा मिनिटांहून अधिक घेते, हे गृहीत धरावे. ज्येष्ठांसोबत असाल तर फलाटावर उतरताच लिफ्टची पाटी शोधावी. लिफ्ट बहुतेक वेळा फलाटाच्या एखाद्या टोकाला असते आणि गर्दीच्या ओघात सरकत्या जिन्याकडे वळलात की परत फिरणे अवघड जाते.

बाहेर पडण्याचे दार निवडतानाही हीच गोष्ट लागू पडते. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर हवे असलेले दुकान पन्नास मीटरवर दिसते खरे, पण डोक्याच्या वर. म्हणून हॉटेल निवडताना "स्थानकापासून तीनशे मीटर" यावर विसंबू नये, तर कोणत्या क्रमांकाच्या दारापासून आणि वाटेत पायऱ्या आहेत का, हे विचारून घ्यावे. लियांगलुकौ स्थानकाजवळ चढाचा प्रश्न सोडवायला ११२ मीटर लांबीचा एक सरकता जिना १९९६ पासून चालतो आणि त्याला २ युआनांचे वेगळे तिकीट आहे. सरकत्या जिन्याचे तिकीट काढणे आईला फार आवडले.

आमची एक फजिती सांगतो, कारण ती कुणाचीही होऊ शकते. चोंगचिंग उत्तर या रेल्वे स्थानकाला उत्तर चौक आणि दक्षिण चौक अशा दोन बाजू आहेत, त्यांची मेट्रो स्थानके वेगळी आहेत आणि एका चौकातून दुसऱ्यात सरळ चालत जाता येत नाही. आमची गाडी उत्तर चौकातून होती आणि आम्ही तिसऱ्या मार्गाने दक्षिण चौकात उतरलो. दहाव्या मार्गाने दोन्हींमध्ये एकाच स्थानकाचे अंतर आहे, पण पुन्हा आत जाणे, पुन्हा सामानाची तपासणी आणि पुन्हा जिने यांत गाडी सुटता सुटता मिळाली. चूक आमचीच होती. चौक कोणता हे आदल्या दिवशी पाहायला हवे होते. पश्चिम स्थानक आणि २०२५ साली सुरू झालेले पूर्व स्थानक ही आणखी वेगळी ठिकाणे आहेत, तेव्हा तिकिटावरचे नाव पुरते वाचावे. विमानतळाबाबतही तसेच: तिसऱ्या टर्मिनलला जायचे असेल तर दहावा मार्ग, कारण तिसरा मार्ग दुसऱ्या टर्मिनलपाशीच पोहोचवतो.

भाडे २ युआनांपासून सुरू होते आणि अंतरानुसार वाढते. अलीपे हे पैसे भरण्याचे ॲप भारतातूनच उतरवून त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवावे. त्यातला मेट्रोचा क्यूआर कोड दारावर दाखवला की काम होते. मात्र एका फोनवर एकच माणूस जातो. आईसाठी मी दर वेळी यंत्रातून एकेरी तिकीट काढत होतो, आणि ते बाहेर पडताना यंत्रात परत द्यायचे असते, म्हणून जपून ठेवावे. प्रत्येक स्थानकात पिशव्यांची तपासणी होते. पाण्याची बाटली असेल तर कधी एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. पाट्या आणि घोषणा चिनीबरोबर इंग्रजीतही असतात. गूगलचा नकाशा तिथे चालत नाही, पर्याय आधीच उतरवून ठेवावा. भारतीय पारपत्रावर व्हिसा निघण्यापूर्वीच काढावा लागतो. काही देशांना मिळणारी व्हिसामुक्त संक्रमणाची सवलत आपल्याला नाही.

रात्री सहाव्या मार्गाने श्याओशिझ स्थानकातून एकदा उत्तरेकडे आणि एकदा दक्षिणेकडे एकेक स्थानक जाऊन यावे. एका बाजूला गाडी छियानसमन पुलावरून जियालिंग ओलांडते, दुसऱ्या बाजूला दोंगश्वेइमन पुलावरून यांगत्से. दोन्ही पुलांवर वर मोटारी आणि खाली मेट्रो.

शेवटच्या दिवशी आम्ही पहाटे उठून चौथ्या मार्गावर गेलो. शिछ्वान या टोकाकडच्या भागातून शेतकरी पहिल्या गाड्यांनी शहरात भाजी आणतात. पाठीवर दोन पट्ट्यांनी अडकवलेल्या बांबूच्या उंच टोपल्या, त्यांत पातीचे कांदे आणि कसलीशी हिरवी पाने, मुळांना अजून ओली माती. डब्यात शिरताच बाया टोपल्या उतरवून पायांमध्ये ठेवत होत्या आणि जुड्या बांधायचे राहिलेले काम उरकत होत्या. शेजारच्या बाईने आईकडे पाहून एक जुडी पुढे केली आणि बोटांनी भाव सांगितला. आईने, जणू मंडईतच उभी आहे अशा थाटात, दोन बोटे कमी करून दाखवली.