14 तारखेचं पत्र, 16 तारखेची पोच

खुनाच्या खटल्यात तपासी अंमलदाराची साक्ष अगदी शेवटी येते. तोवर फिर्यादी, पंच, डॉक्टर येऊन गेलेले असतात आणि सरकार पक्षाच्या हातात काय उरलंय ते दिसू लागतं. मी सरकारी वकील; त्या दिवशी आमच्या हातात एक कोयता, रक्ताचा शर्ट आणि सी.ए. रिपोर्ट (प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणी अहवाल) उरला होता. दोन्ही पंचांनी 'पोलीस ठाण्यात बोलावून सह्या घेतल्या' म्हणत हात वर केले होते. गुन्हा 1 जुलै 2024 च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याच्या, बराच आधीचा, खटलाही तेव्हाच उभा राहिलेला. त्यामुळे कलम 302 पासून पुराव्याच्या कायद्यापर्यंत सगळं जुनंच लागू.

पंच फितूर झाले म्हणजे जप्ती बुडाली, असं नसतं. तपासी अंमलदाराच्या तोंडून ती सिद्ध करता येते, पण त्याने नीट सांगावं लागतं. इथे बहुतेक जण घसरतात. 'आरोपीने निवेदन केलं, मी ते नोंदवलं, मजकूर बरोबर आहे' एवढ्यावर भागत नाही. आरोपी नेमक्या कोणत्या शब्दांत काय म्हणाला ते साक्षीत यावं लागतं; सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात हे पुन्हा बजावलं आहे. त्यातही पुराव्याच्या कायद्याच्या कलम 27 खाली वस्तू सापडण्याशी थेट जोडलेला भागच चालतो. 'कोयता शेडमागच्या लाकडांखाली ठेवलाय, काढून देतो' हे चालतं. 'त्याच कोयत्याने मारलं' हे चालत नाही. 1947 च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून ही रेघ ठरलेली आहे. म्हणून सरतपासात, म्हणजे आमच्या बाजूने साक्ष घेताना, मी तपासी साहेबांना वाक्य कागदावरून वाचू दिलं नाही, आठवून सांगायला लावलं. ते त्यांनी सांगितलं.

मग मुद्देमाल. कोर्टाच्या परवानगीने पाकीट फोडायचं, पण आधी लाख आणि लेबल साक्षीदाराला दाखवून त्याच्याकडून ओळख नोंदवून घ्यायची. फोडल्यावर लेबल हाती राहील याची खात्री नसते. कोयत्याच्या मुठीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावरच्या दोन सह्यांपैकी एक पसरून निळा डाग झाली होती. जेल पेनची सही, पावसाळ्यातला मुद्देमाल कक्ष, दुसरं काय होणार? चिठ्ठीवर बॉलपेननेच सही घ्या, हे कुठल्या परिपत्रकात असो वा नसो, दर पावसाळ्यात ते आठवतं. शर्ट मात्र सुदैवाने खाकी कागदात होता. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की बुरशी येते आणि डीएनएची आशा सोडावी लागते. सावलीत वाळवून, कागदात, प्रत्येक वस्तू वेगळी, हे त्या ठाण्याने नीट केलं होतं.

उलटतपास पहिला अर्धा तास नेहमीचाच: स्टेशन डायरी, शेजाऱ्यांचे जबाब उशिरा का, नकाशा कोणी काढला. मग बचावाच्या वकिलांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. प्रयोगशाळेला लिहिलेल्या पत्राची तारीख 14. प्रयोगशाळेची पोच 16 ची.

"हवालदार 14 तारखेलाच मुद्देमाल घेऊन निघाला?"

"हो."

"मग 14 ते 16 मुद्देमाल कुठे होता?"

"प्रयोगशाळेत."

"पोच तर 16 ची आहे."

साहेब गप्प. मुद्देमाल रजिस्टरमध्ये एकच नोंद: 14 तारखेला बाहेर. परत आल्याची नोंद नाही. मुद्देमाल नेणाऱ्या हवालदाराचं नाव आरोपपत्राच्या साक्षीदार यादीत नाही, मुद्देमाल कारकुनाचंही नाही. रिपोर्ट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 खाली तज्ज्ञाला न बोलावता वाचता येतो, पण तो फक्त सांगतो की पाकिटांवरची सील शाबूत होती आणि नमुना सीलशी, म्हणजे सोबत पाठवलेल्या लाखेच्या ठशाशी, जुळत होती. पाकीट दोन दिवस कुणाच्या ताब्यात होतं, ते त्यात नसतं.

2005 साली अमेरिकेत एनबीसीवर 'लॉ अँड ऑर्डर: ट्रायल बाय ज्युरी' ही मालिका आली आणि 13 भागांत संपली. न्यूयॉर्कच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या कार्यालयात खटल्याची तयारी कशी होते, बचाव पक्ष समांतर काय करतो, यावर तिचा भर होता. जेरी ऑरबाक यांनी जुन्या मालिकेत रंगवलेला डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्को इथे अॅटर्नीच्या कार्यालयातला तपासनीस झाला होता. ऑरबाक डिसेंबर 2004 मध्ये वारले, म्हणून ते पहिल्या दोनच भागांत दिसतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यात हेवा वाटतो तो याच तपासनीसाचा. वकिलाने म्हणायचं, 'हे दोन दिवस शोध', आणि खात्यातलाच माणूस निघायचा. आपल्याकडे सरकारी वकिलाला असा माणूस नसतो. तपास पोलिसांचा, खटला आमचा. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या 2000 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरोपपत्र कसं दाखल करायचं यावर सरकारी वकिलाचं मत घ्यायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. तपासात वकिलाचा हात असू नये. पण व्यवहारात याचा अर्थ असा की साक्षीदार यादीतलं भगदाड आम्हाला आरोपपत्र आल्यावरच दिसतं आणि ते बुजवायला माणूस ठाण्यातलाच मागावा लागतो.

जेवणाच्या सुट्टीत साहेब म्हणाले, "मॅडम, तेव्हाचा मुद्देमाल कारकून बदलून गेलाय."

"कारकून राहू द्या साहेब. हवालदार कुठे आहे? आणि 14 ते 16 ची स्टेशन डायरी मागवा."

डायरी दुपारी आली. 14 तारखेची नोंद: हवालदार मुद्देमालासह प्रयोगशाळेकडे रवाना. त्याच दिवशी संध्याकाळी: मुद्देमालासह परत, 'नमुना सील नसल्याने स्वीकारला नाही'. 16 ला पुन्हा रवाना. म्हणजे खिडकीवर त्रुटी काढून परत पाठवलं होतं. हे नेहमी होतं: पत्रात कलम लिहायचं राहतं, पाकिटांची संख्या जुळत नाही, लाखेच्या ठशाचा नमुना जोडलेला नसतो. गडबड पुढची. हवालदाराने पाकिटं ठाणे अंमलदाराकडे दिली, डायरीत लिहिलं, पण मुद्देमाल रजिस्टरमध्ये आत आल्याचं कुणी लिहिलं नाही. पत्रही नवीन काढलं नाही, जुन्यालाच नमुना जोडून पाठवलं. म्हणून 14 तारीख तशीच राहिली.

त्याच दिवशी जादा साक्षीदार बोलावण्यासाठी त्याच संहितेच्या कलम 311 चा अर्ज दिला: हवालदार, त्या दिवशीचा ठाणे अंमलदार, आणि मूळ डायरी व रजिस्टरसह सध्याचा मुद्देमाल कारकून. बचावाचं म्हणणं अपेक्षित होतं: सरकार पक्ष उणीव भरून काढतोय. त्यावर 1999 चा राजेंद्र प्रसाद विरुद्ध नार्कोटिक सेल हा निकाल. नजरचुकीने राहिलेला साक्षीदार म्हणजे खटल्यातली उणीव नव्हे; उणीव म्हणजे खटल्याच्या मुळातच असलेला कमकुवतपणा. डायरीची नोंद त्या वेळचीच होती, आज लिहिलेली नव्हती, यावर मी जास्त जोर दिला. केवळ हवालदाराची तोंडी आठवण असती तर अर्ज टिकला असता असं मला वाटत नाही. उलट बाजूला डायरीच्या नकला त्याच दिवशी दिल्या आणि फेरउलटतपासाला हरकत नाही असं लिहून दिलं. अर्ज मंजूर झाला.

पुढच्या तारखेला हवालदाराची साक्ष थोडक्यात आटोपली. उलटतपासात रात्री पाकिटं कुठे होती, कपाटाची किल्ली कुणाकडे, लाख कुणी पाहिली, हे सगळं विचारलं गेलं. किल्ली ठाणे अंमलदाराकडे होती आणि तो पुढचा साक्षीदार होता. त्याने किल्ली आपल्याकडेच असल्याचं सांगितलं, पण सील स्वतः पाहिलं का, यावर 'आठवत नाही' म्हणाला. ते आम्ही सोडून दिलं. सील शाबूत असल्याचं रिपोर्टात होतंच, आणि जास्त विचारलं असतं तर त्याने काहीतरी बनवून सांगितलं असतं.

एक काम मात्र विसरायचं नव्हतं. कलम 313 खालच्या आरोपीच्या जबाबासाठी प्रश्नांचा मसुदा देताना मुद्देमाल 14 तारखेला परत आल्याचा आणि 16 ला पुन्हा गेल्याचा प्रश्न वेगवेगळा घातला. एकाच लांब प्रश्नात सगळं कोंबलं की अपिलात 'आरोपीला हे नीट विचारलंच नाही' हा मुद्दा आयता मिळतो.